करंगळीचा टेकू

शिराळखोपच्या सरकारी रुग्णालयातला नवजात बाळांचा कक्ष बंद झाला त्या सकाळी हेमलता कासार आपल्या दुकानात लग्नाच्या आहेराच्या ताटांवर नावं घालत होती. फिरोजा मुलाणी आत आली आणि स्टूल ओढून बसली. दोघी पहिलीपासूनच्या मैत्रिणी. फिरोजा त्या कक्षाची मुख्य सिस्टर होती.

हेमाने मशीन थांबवलं. "काय झालं गं?"

"दोन बाळं गेली. तिसऱ्याला कोल्हापूरला हलवलं." फिरोजाने डोक्यावरची ओढणी सारखी केली. "औषधच लागू पडत नाही, हेमा. जंतू साधाच आहे, पण कुठल्याच औषधाला भीक घालत नाही. आम्ही पुसतो, धुतो, फवारतो. दोन तासांनी पुन्हा कुणाचा तरी हात दांडीला लागतो, नळाला लागतो, की आला परत."

२०३८ सालची ही गोष्ट. तोवर अशा जंतूंची बातमी पेपरात पहिल्या पानावर येईनाशी झाली होती, इतकी ती नेहमीची झाली होती. नवी औषधं येत, वर्षा-दोन वर्षांत निकामी होत. डॉक्टरांना आता जंतू शरीरात शिरल्यावर मारण्यापेक्षा शिरण्याआधीच मारण्यात अर्थ वाटू लागला होता. पण खाटेची दांडी, नळाची मूठ, सलाईनचा खांब यांवर चोवीस तास पहारा कोण देणार?

हेमा बेचाळीस वर्षांची. आयटीआयला फिटरचा कोर्स केलेली, तिच्या बॅचमधली एकटी मुलगी. लग्न केलं नव्हतं आणि गावाने त्याबद्दल विचारणं आता सोडून दिलं होतं. हाताला लागेल ते यंत्र उघडून बघायचं हे तिचं व्यसन. दुकानातलं लेझरचं मशीनसुद्धा तिने स्वतः जुळवलेलं होतं. जुन्या प्रिंटरच्या मोटारी, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि मागवलेली लेझरची नळी. भांडं खाली ठेवायचं, वरून किरण फिरायचा आणि मिनिटाभरात सुबक नाव उमटायचं.

याच मशीनने तिच्या घरात अबोला आणला होता. तिचे वडील त्र्यंबकअण्णा पंचावन्न वर्षं छिन्नी-हातोडीने नावं घालत आले होते. त्यांच्या अक्षरांसाठी लोक इस्लामपूरहून भांडी घेऊन येत. लेझर आलं त्या महिन्यात गिऱ्हाइकं अण्णांच्या समोरून उठून हेमाच्या टेबलाकडे गेली. अण्णांनी हत्यारं पुसली, फडक्यात बांधली आणि माळ्यावर टाकली. त्याला नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून बापलेकीत जेवण, औषधं आणि लाइट बिल एवढंच बोलणं उरलं होतं.

फिरोजा गेली त्या दुपारी हेमाने दुकान लवकर बंद केलं आणि वाचायला बसली.

तांब्यावर जंतू जगत नाहीत ही गोष्ट जुनीच. पण साध्या तांब्यावर त्यांना मरायला दोन-चार तास लागतात, आणि तेवढ्यात दहा हात लागून जातात. शास्त्रज्ञांनी वीस वर्षांपूर्वीच एक युक्ती शोधून ठेवली होती. लेझरचा झोत अत्यंत तोकडा करायचा. किती तोकडा? सेकंदाचे एक अब्ज तुकडे करा, त्यातल्या एका तुकड्याचे पुन्हा दहा लाख तुकडे करा. तसे काहीशे तुकडे. एवढ्या वेळात धातूला वितळायलाही सवड मिळत नाही. पृष्ठभागावर पडलेला प्रकाश आणि तिथूनच विखुरलेला प्रकाश एकमेकांत मिसळतात आणि त्यांच्या लाटांची नक्षी धातूवर कायमची उमटते. शेत नांगरल्यावर सऱ्या पडतात तशा सऱ्या, पण केसाच्या जाडीत शंभर मावतील इतक्या बारीक. जंतू त्या सऱ्यांवर बसतो तेव्हा त्याला सपाट जागाच मिळत नाही. त्याची कातडी दोन वरंब्यांमध्ये ताणली जाते आणि तांबं सगळ्या बाजूंनी आत शिरतं. अर्ध्या तासात खेळ खलास.

हे सगळं प्रयोगशाळेत सिद्ध झालेलं होतं. अडचण एवढीच, की असा लेझर कपाटाएवढा असायचा आणि तो लावलेलं मशीन दवाखान्यात नेता येत नसे. दवाखान्याची दांडीच कारखान्यात न्यावी लागे.

पण गेल्या सहा-सात वर्षांत एक बदल झाला होता. आपोआप चालणाऱ्या गाड्यांच्या कपाळावर रस्ता बघणारा एक डोळा बसवत, आणि नव्या पिढीच्या त्या डोळ्यात नखाएवढ्या चकतीवर नेमका असाच तोकडा लेझर असे. गाडी ठोकली की डोळा भंगारात. हेमा दुसऱ्याच दिवशी शिरोलीच्या भंगारवाल्यांकडे गेली आणि तीन डोळे घेऊन आली. दोन मेलेले निघाले, एक जिवंत.

पुढचे दोन महिने दुकानाच्या मागच्या खोलीत नुसता संसार मांडला होता. मशीन हातात धरता येईल इतकं लहान हवं, म्हणून तिने त्याला स्टीलच्या पोळ्यांच्या डब्यात बसवलं. डब्याच्या बुडाला भोक, भोकावर भिंग, आत दोन चिमुकल्या मोटारी किरणाला मागेपुढे आणि डावीउजवीकडे हलवणाऱ्या. उडालेली धातूची धूळ ओढून घ्यायला पंखा आणि गाळणी. डबा पृष्ठभागावरून उचलला की लेझर बंद, अशी एक कळ. कारण हा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण डोळा कायमचा घालवू शकतो. चष्मा लावल्याशिवाय ती खोलीत कुणाला येऊ देत नसे.

तांब्याच्या सपाट पत्र्यावर पहिला चौकोन उमटला तेव्हा ती एकटीच होती. पत्रा उन्हात तिरका धरला आणि त्यावर पारव्याच्या मानेसारखे रंग चमकले, हिरवे, जांभळे, पुन्हा हिरवे. रंग लावलेला नव्हता. सऱ्यांमधून परतणारा प्रकाशच फुटून रंगीत झाला होता. जिथे रंग, तिथे सऱ्या बरोबर पडल्या. एवढी सोपी परीक्षा. हेमा तो पत्रा घेऊन अंगणात कितीतरी वेळ उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, आपण हे नुसतं जुळवलेलं नाही, बनवलंय.

खाटेच्या गोल दांडीवर मात्र ती सपशेल हरली.

फिरोजाने कक्षातली एक मोडकी खाट दुकानात आणवली होती. हेमाने दांडीला तांब्याचा पत्रा गुंडाळला, वर डबा टेकवला आणि कळ दाबली. मधोमध बोटभर रुंदीची रंगीत पट्टी आली. दोन्ही बाजूंना काळं, धुरकट. कारण साधं होतं. भिंगापासूनचं अंतर केसभर जरी चुकलं तरी किरण फाकतो, आणि दांडी तर दोन्हीकडे उतरत जाते. तिने अंतर मोजणारा सेन्सर लावला. चकाकत्या तांब्यावर तो फसला. दांडीचा आकार आधी संगणकात भरून बघितला. प्रत्येक दांडी कुठे ना कुठे चेपलेली, पत्रा कुठे फुगलेला. पंधरा दिवस गेले.

सोळाव्या दिवशी दुपारी अण्णा चहाचा कप घेऊन मागच्या दारात आले. त्यांनी चष्मा लावला नव्हता म्हणून हेमाने घाईने लेझर बंद केला. अण्णा काळवंडलेल्या दांडीकडे बघत उभे राहिले.

"करंगळी कुठं हाय तुझ्या मशीनची?" त्यांनी विचारलं.

हेमाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "काय अण्णा?"

अण्णांनी कप खाली ठेवला. टेबलावरचा खिळा उजव्या हातात छिन्नीसारखा धरला आणि हात दांडीवर टेकवला. करंगळी दांडीला चिकटलेली, खिळ्याचं टोक तिच्यापासून बोटभर अंतरावर. मग हात हळूहळू दांडीवरून खाली नेला. दांडी वळली तसा हात वळला, दांडी चेपलेली तिथे हातही तेवढाच दबला. खिळ्याचं टोक सगळीकडे धातूपासून सारखंच लांब.

"घागरीवर नाव घालताना नजरेनं न्हाई घालत कोण," अण्णा म्हणाले. "नजर फसती. करंगळी भांड्यावर टेकली की भांडंच सांगतं हाताला, इथं उतार हाय, इथं पोचा हाय. तुझी मशीन लांबनं बघत बसलीया. तिला टेकू दे."

हेमा त्यांच्या हाताकडे बघत राहिली. नंतर इतकंच म्हणाली, "पुन्हा एकदा करून दाखवा. सावकाश."

अण्णांनी सहा वेळा करून दाखवलं.

हेमाने मोटारी आणि सेन्सर बाजूला काढले आणि किरणाचं डोकं डब्यापासून मोकळं केलं. सायकलच्या बेअरिंगच्या तीन गोळ्या त्याच्या बुडाला बसवल्या, मधे भिंग, वरून हलक्या स्प्रिंगचा दाब. आता डोकं अधांतरी तरंगत नव्हतं. तीन गोळ्यांवर धातूला टेकून सरकत होतं, आणि भिंगाचं अंतर धातू स्वतःच ठरवत होता. डोकं ओढायला एकच बारकी मोटार उरली. चार दिवसांत दांडी पूर्ण गोलाईने रंगली. पोचा होता तिथेही.

अण्णांनी चष्मा लावून ती बघितली, अंगठा फिरवला. "पत्रा मात्र बेकार बसवलायस," ते म्हणाले, आणि माळ्याची शिडी मागितली.

*

मधे उघडलेल्या कक्षात तो जंतू पुन्हा सापडला होता, म्हणून निर्जंतुक करण्यासाठी कक्ष आता आणखी तीन आठवडे बंद राहणार होता. फिरोजाने किल्ली काढून दिली. लेखी परवानगी तिच्याकडे नव्हती, ती मागितली असती तर मिळालीही नसती. सकाळी नऊला बापलेक जात. अण्णा पाटावर बसून दांड्यांवर, नळांच्या मुठींवर तांब्याचा पत्रा असा ठोकत, की शिवण बोटाला लागत नसे. मागून हेमा डबा सरकवत येई. जेवायला तिघं व्हरांड्यात बसत. अण्णा आता बोलत होते. बहुतेक वेळा चुका काढत होते, पण बोलत होते.

अकराव्या दिवशी रुग्णालयाच्या प्रमुख डॉक्टर उज्ज्वला दाभाडे दारात उभ्या राहिल्या.

"सिस्टर, हे काय चाललंय?"

फिरोजाने लपवालपवी केली नाही. सगळं सांगितलं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं.

"तुमचा हेतू चांगला असेल. पण उद्या या पत्र्यामुळे एखाद्या बाळाला काही झालं तर मी कुणाला काय सांगू? पोळ्यांच्या डब्याने केलंय म्हणून?" त्यांनी काम थांबवलं आणि फिरोजाला कारणे दाखवा नोटीस दिली. चौकशी होईपर्यंत बाळांचा कक्ष बंदच राहणार होता आणि फिरोजाने त्यात पाऊल टाकायचं नव्हतं.

बातमी फुटली आणि चौथ्या दिवशी पुण्याहून मयूरेश साठ्ये आला. रुग्णालयांची उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीचा तो अभियंता. हेमाला वाटलं होतं गुळगुळीत बोलणारा कुणी असेल. पण त्याने चष्मा लावला, डबा उलटा केला, तीन गोळ्या बघितल्या आणि खालीच मांडी घालून बसला.

"मॅडम, आमचे बारा जण तीन वर्षं अंतर मोजायच्या सेन्सरवर डोकं फोडतायत," तो म्हणाला. "तुम्ही मोजणंच काढून टाकलंत."

आयटीआयच्या एका सरांनंतर तिच्या कामाकडे असं कुणी बघितलं नव्हतं. त्याचा प्रस्तावही खरा होता. पेटंट तिच्या नावाने. पुण्यात तिची स्वतःची प्रयोगशाळा. रुग्णालयाशी कंपनी बोलेल, फिरोजाची नोटीस मागे घेतली जाईल. अट एक: आराखडा कंपनीचा. ती कुणाला दाखवणार नाही, दुसरं मशीन बनवणार नाही.

"आमच्यासारख्या तालुक्याच्या दवाखान्यात हे कधी येईल?" हेमाने विचारलं.

साठ्येने खोटं सांगितलं नाही. "आधी मोठी रुग्णालयं. मग जिल्हे. तालुक्यापर्यंत चार-पाच वर्षं तरी."

हेमा फिरोजाच्या घरी गेली. फिरोजा गच्चीवर कपडे वाळत घालत होती. हेमाने सगळं सांगितलं आणि म्हणाली, "मी सही करते. तुझी नोकरी माझ्यामुळे गेलेली मला नको."

फिरोजाने हातातली चादर बादलीत टाकली. "किल्ली तू चोरलीस का माझ्याकडून? मी दिली. कारण त्या दोन बाळांना मी हातात धरलं होतं. माझं नाव पुढं करून सही करू नकोस, हेमा. तुला पुण्याला जायचं असेल तर जा, मी पेढे वाटीन. पण माझ्यासाठी म्हणून नको."

हेमाला पुण्याला जायचं होतं. तेच तर अवघड होतं. तिने दोन दिवस डब्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी ती डॉक्टर दाभाड्यांच्या केबिनमध्ये गेली.

"मॅडम, तुम्ही म्हणालात ते बरोबर आहे. पोळ्यांच्या डब्यावर विश्वास का ठेवायचा? ठेवू नका. तपासा."

"कसं तपासू?"

"बाळांपाशी नको. बाहेरच्या इमारतीतली आठ दारं घ्या. चार मुठींवर मी सऱ्या पाडते, चार साध्या ठेवा. माणसं दिवसभर हात लावतातच. तुमच्याच माणसाने रोज नमुने घ्यायचे, बाटलीवर फक्त आकडा टाकायचा. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेला कुठली मूठ कुठली ते कळणार नाही. मलाही निकाल लागेपर्यंत कळवू नका."

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट बघितलं. "आणि निकाल उलटा लागला तर?"

"तर पत्रे मी स्वतः काढून नेते."

एकवीस दिवस नमुने गेले. हेमा दुकानात ताटांवर नावं घालत बसायची आणि तारखेत चूक करायची. शेवटी डॉक्टरांनी बोलावणं धाडलं. अण्णाही धुतलेला सदरा घालून आले. फिरोजा भिंतीशी उभी राहिली.

डॉक्टर कागद वाचत होत्या. "साध्या चारपैकी तीन मुठींवर तो जंतू वारंवार सापडला. तुमच्या चार मुठींच्या चौऱ्याऐंशी बाटल्या." त्या थांबल्या. "एकाही बाटलीत नाही. प्रयोगशाळेने मला फोन करून विचारलं, हे नमुने खरंच दारांचे आहेत का म्हणून."

मग डॉक्टरांनी खुर्चीवरून उठून अण्णांना विचारलं, "हे मशीन कुठल्या कंपनीचं म्हणून लिहू?"

"कंपनी कसली," अण्णा म्हणाले. "पोरीनं केलंय माझ्या. लिहा, हेमलता त्र्यंबक कासार." आणि डॉक्टरांना ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा, मोठ्याने सांगितलं. हेमाने मान खाली घातली, कारण डोळे भरले होते आणि ते फिरोजाला दिसले तर ती हसली असती.

कक्ष पुन्हा उघडला. नोटीस मात्र सगळी पुसली गेली नाही. नियम मोडला तो मोडलाच, म्हणून फिरोजाची बदली पन्नास किलोमीटरवरच्या रुग्णालयात झाली. ती जाताना म्हणाली, "तिथंही दांड्या आहेतच की." पुढच्याच महिन्यात तिने हेमाला आणि अण्णांना बोलावून घेतलं, या वेळी लेखी परवानगी आधी काढून.

साठ्येला हेमाने नकार कळवला. पत्र लिहायला तिला चार दिवस लागले. मग तिने मशीनचे सगळे आराखडे, भागांची यादी, प्रत्येक पायरीचे फोटो मराठीत लिहून सगळ्यांसाठी इंटरनेटवर ठेवले. पहिलं पान डोळ्यांच्या चष्म्याबद्दल होतं, ठळक अक्षरात. दुसऱ्या पानावर अण्णांच्या हाताचा फोटो, घागरीवर करंगळी टेकलेली.

दीड वर्ष गेलं. सदतीस ठिकाणांहून मशीन बनवल्याची पत्रं आली. मग एका सकाळी दुकानासमोर एक तिशीचा माणूस उतरला, खांद्याला पिशवी, दोन दिवसांच्या प्रवासाने कपडे चुरगळलेले.

"मी देवाजी मडावी. एटापल्लीकडून आलो. दवाखान्यात लॅब बघतो. तुमचं मशीन बनवलं, ताई. पण आमच्याकडे वीज मधेच जाते. मोटार अर्ध्यात थांबली की सऱ्या चुकायच्या. म्हणून थोडं बदललं. चुकलं असेल तर सांगा."

त्याने पिशवीतून जे काढलं ते मुठीत मावत होतं. तीन गोळ्या होत्या, भिंग होतं. मोटार नव्हतीच. गोळ्यांच्या मधे संगणकाच्या जुन्या माऊसचा डोळा बसवलेला. देवाजीने ते हाताने तांब्यावरून नेलं, वेडंवाकडं, मधेच थांबून, मागे येऊन. खालचा डोळा आपण कुठे आहोत ते ओळखत होता आणि लेझर फक्त राहिलेल्या जागीच पेटत होता. बॅटरी खिशात. हाताने इस्त्री फिरवावी तसं त्याने सगळं तांबं पुरं केलं.

पत्र्यावर रंग आले, हेमाच्या मशीनपेक्षा एकसारखे.

हेमाने पत्रा उजेडात धरला, फिरवला, पुन्हा धरला. तिचा डबा टेबलावर शेजारीच होता. एका सकाळीत तो जुना झाला होता. तिला काय वाटतंय ते शोधायला तिला क्षणभर लागलं, आणि ते दुःख नव्हतं. छाती अशी भरून आली होती की खोलीतली हवा कमी पडावी.

तिने टेबलावरचा पसारा बाजूला सारला, देवाजीसाठी खुर्ची ओढली आणि वही उघडून त्याच्यासमोर खालीच बसली.

"अजिबात चुकलं नाही," ती म्हणाली. "आता मला शिकवा. पहिल्या स्क्रूपासून."